गडू उभा होता

आमच्या घरात ‘हलणे’ या क्रियापदाला बंदी होती. तसा नियम कुणी केला नव्हता, पण चहात साखर घातली की आई ‘ढवळ’ म्हणायची, ‘हलव’ कधी नाही. अण्णांचा दात हलू लागला तेव्हा तो नुसता ‘सैल’ झाला. शेजारच्या घोरबांड काकू बोलण्याच्या ओघात ‘पाळणा हलला’ वगैरे काही म्हणून गेल्या की अण्णा उठून पाणी प्यायला आत जायचे. आमचे अण्णा शाळामास्तर, गणिताचे. पूर्वी किल्लारीच्या भागातल्या एका गावात त्यांची नोकरी होती आणि आम्ही शाळेच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचो. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. गावातली दगडमातीची घरं बसली. आमच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांची एक वीटही निखळली नाही. फक्त फळीवर ठेवलेली लोखंडी पेटी खाली आली, आणि खाली माझा धाकटा भाऊ नंदू झोपला होता. पेटी अण्णांनीच वर चढवली होती, खाली जागा अडते म्हणून. नंदू सकाळभर जिवंत होता. गावात डॉक्टर पोचला तो दुपारी. एवढंच मी सांगू शकते, कारण याहून जास्त आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही.

त्यानंतर अण्णांनी बदली मागून घेतली आणि आम्ही नांदेडला आलो. घर बघताना त्यांची अट एकच, वर पत्रा हवा. नांदेडच्या उन्हात स्लॅबची घरं सोडून पत्र्याचं घर मागणारा भाडेकरू घरमालकाने पहिल्यांदाच पाहिला असावा. तीन खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. त्या घरात कमरेच्या वर एकही जड वस्तू नव्हती. लोखंडी कपाट आडवं पाडून ठेवलेलं, म्हणजे साडी काढायची तर आईला विहिरीत वाकल्यासारखं वाकावं लागे. पीठ-डाळीचे डबे जमिनीवर ओळीने मांडलेले. बुद्धाची तसबीर काच काढून इतकी खाली लावलेली की मांडी घालून बसलं की डोळ्याला डोळा भिडावा. मधल्या खोलीत घरमालकाने स्टॅबिलायझर ठेवायला म्हणून डोक्यावर एक फळी ठोकून दिली होती, शेजारी तीन पिनांचा प्लग. ती फळी आम्ही राहायला आल्यापासून रिकामी होती. माझं अंथरूण तिच्याच खाली असायचं, आणि फळी रिकामी आहे हे ठाऊक असूनही अण्णा रोज झोपण्याआधी तिच्यावरून हात फिरवून बघायचे.

दिवेलागणीला त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, दाराच्या मागे, ते एक स्टीलचा पेला पालथा घालत, त्यावर ताटली ठेवत आणि ताटलीवर रिकामा गडू तोलून बसवत. जमिनीला जरा धक्का बसला की गडू फरशीवर आपटून सगळ्यांना जागं करणार. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघर लोकांनी ही युक्ती केली होती. वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांचे गडू परत मोरीत गेले, आमचा गेला नाही. मांजर आलं, उंदीर आला, एकदा तर आईच्याच पदराने पडला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघं रस्त्यावर. गल्ली हसायची. मलाही हसू यायचं, पण ते मी बाहेर गेल्यावर हसायची.

मला डॉक्टर करायचं हे अण्णांनी, नंदूला डॉक्टर उशिरा मिळाला त्याच दुपारी ठरवलं होतं, असं मला वाटतं. त्यासाठी दहावी झाल्याबरोबर त्यांनी मला लातूरला नेऊन सोडलं. तेव्हा लातूरला पोरांची नुसती जत्रा भरलेली. बोळाबोळात क्लास, पत्र्याच्या शेडमध्ये क्लास, मंगल कार्यालयात लग्न नसेल त्या दिवशी क्लास. पहाटे सायकलींच्या घंटांनी जाग यायची आणि खानावळीच्या डब्यातली पातळ आमटी खाऊन झोप लागायची. आमच्या खोलीतल्या मुली हाडांची नावं आरतीसारखी म्हणायच्या. मी शेवटच्या ओळीत बसून खिडकीतून पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बाया बघायची आणि पाय हलवत राहायची. लातूरला पाय हलवायला बंदी नव्हती, एवढंच काय ते सुख. बेडकाचं काळीज पाहून मला काही वाटायचं नाही, पण भौतिकीच्या माने सरांनी फळ्यावर गणित मांडलं की माझा जीव थाऱ्यावर यायचा. निकाल लागला तेव्हा मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. ‘पुन्हा बस,’ अण्णा म्हणाले. घरात तेवढंच बोलणं झालं.

आता संगणकाकडे येते. आईचा भाऊ, आमचा मामा, हैदराबादेत नोकरीला होता. त्याला या यंत्रांचा भारी नाद. तिकडच्या बाजारातून तो सुटे भाग घ्यायचा आणि नांदेडला येताना प्रत्येक फेरीला एक-दोन भाग आमच्याकडे आणून टाकायचा. एकदा संगणकाची पत्र्याची पेटी चादरीत गुंडाळून, एकदा मदरबोर्ड लोणच्याच्या बरणीशेजारी. मी लातूरहून परत आले त्या सुट्टीत आम्ही मामा-भाचीने ते सगळं स्क्रू पिळून जोडलं. त्यावर घालायला त्याने एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी दिली. आमच्या गावात तेव्हा संगणक म्हणजे विंडोज आणि विंडोज म्हणजे संगणक. लिनक्स हे नाव मी वजिराबादच्या दुकानात घेतलं तेव्हा मालक सलीमभाई म्हणाले, “ये कौनसी दवा हाय, ताई?” मॉनिटर तेवढा मी त्यांच्याकडून घेतला होता, वापरलेला, ज्वारीच्या पोत्याइतका जड. त्यांनी बजावून सांगितलं, “मॉनिटर का जिम्मा मेरा. वो फोकट की सीडी तुमची.”

हे धूड घरात ठेवायचं कुठे? टेबल तर आमच्याकडे नव्हतंच. अण्णांनी पूजेचा नव्हे, पाहुण्यांना ताट ठेवायचा चौरंग काढून दिला आणि संगणक जमिनीलगत बसला. समोर मी मांडी घालून. संध्याकाळी नांदेडचं व्होल्टेज बसायचं, तेव्हा स्टॅबिलायझर लागणारच. तो लोखंडी डबा अण्णांनी स्वतः आणला, आणि फळीवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता म्हणून चौरंगावर मॉनिटरला अगदी खेटून ठेवला. वर खाटेच्या नवारीने दोघांना घट्ट बांधलं. दोन जड वस्तू एकमेकींना बांधल्या की एकटी कुठली घरंगळत नाही, असं त्यांचं गणित. गाठी अशा मारल्या की सोडवताना माझी नखं तुटायची.

लिनक्स चढवणं म्हणजे रुसलेल्या जावयाची समजूत घालणं. उंदीर कुठला आहे, कळफलक कुठला आहे, सगळं विचारणार आणि शेवटी आमचं चित्रांचं कार्ड आपल्याला ठाऊकच नाही म्हणून अडून बसणार. पडद्यावर सेकंदाला किती वेळा चित्र उमटवायचं तो आकडा आपण द्यायचा, आणि चुकीचा दिला तर मॉनिटर जळेल अशी धमकी. मी छातीवर हात ठेवून आकडे द्यायची. शेवटी एका दुपारी पडदा उजळला, करडा, मध्ये काळी फुली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईला गरागरा फिरवलं. तिच्या हातात भाकरीचं पीठ होतं, ते माझ्या पाठीवर उमटलं. त्यातला एक प्रोग्राम मला हवा होता. त्यात गणिताची सूत्रं छापील पुस्तकासारखी बसायची. वर्गमूळाची चिन्हं, घात, अपूर्णांक, सगळं जागच्या जागी.

हे मला का हवं होतं, तर माने सरांमुळे. लातूरला त्यांच्या सराव परीक्षांचे पेपर टाइप करणारा माणूस घातांक खाली पाडायचा. ‘दहाचा वजा चौथा घात’ पेपरात ‘दहा वजा चार’ होऊन यायचा आणि हुशार पोरंही सहा उत्तर काढून मोकळी व्हायची. मी सरांना पत्र टाकलं की तुमचे सगळे पेपर मी नांदेडहून करून पाठवते, एक घात खाली पडणार नाही. सरांनी अण्णांना त्यांच्या शाळेत फोन केला. त्यांचं असं ठरलं की सर रविवारी जीप घेऊन नांदेडला कामाला येतील, तेव्हा माझं काम बघतील. पटलं तर मी इथेच कॉलेजात गणित-संगणक घेऊन शिकेन आणि पेपर करेन. नाही पटलं तर सोमवारी सकाळी त्याच जीपमधून त्यांच्याबरोबर लातूर, पुन्हा वसतिगृह, पुन्हा हाडांची आरती. अण्णा माझी ट्रंक भरूनच बसले होते. ट्रंक अर्थातच जमिनीवर.

आणि नेमका पडदा हलू लागला. सगळं चित्र कडेकडेने लाटेसारखं थरथरायचं, अक्षरं पाण्यात पडल्यागत. दुपारी जरासं, दिवे लागले की बेफाम. घरात हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या शब्दात? अण्णा संध्याकाळी गडू रचून गोदावरीकडे फिरायला जायचे, त्यांच्या नजरेला ते कधी पडलं नाही, आणि मीही पडू दिलं नाही. त्यांची पावलं वाजली की मी मॉनिटर बंद करायची. आईला दिसत होतं. ती नुसती म्हणायची, “त्याला बरं नाही का गं आज?”

मी लिनक्सलाच धरलं. दुसरं कुणाला धरणार? तो परका, कुणाचं पाठबळ नसलेला. आकडा बदलला, पडदा काळा झाला, पुन्हा बदलला. सगळं पुसून पुन्हा चढवलं. पत्र्याखाली यंत्र तापत असेल म्हणून आईचा ओला पंचा पेटीभोवती ठेवला, तर झिणझिण्या आल्या. शेवटी नवार सोडून, मॉनिटर आणि पेटी ऑटोत घालून वजिराबादला नेली. सलीमभाईंनी माझी डिस्क काढून स्वतःची विंडोजची लावली. पडदा दगडासारखा स्थिर.

“देखो ताई, कुठं हलायलंय? आँख में हलता होगा,” ते म्हणाले. मग जरा दया येऊन, “वो फोकट वाला सिस्टीम निकालो. चालतं का ते? आमच्या कार्डालाच मानत नाही तर मॉनिटरला काय मानणार?”

मी घरी आणून पुन्हा जोडलं, पुन्हा थरथर. पुन्हा दुकान, पुन्हा स्थिर. ऑटोवाला मला ओळखू लागला. आज हे लिहिताना मला स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. दुकानात गेल्यावर सिस्टीम बदलत होती हे खरं, पण आणखीही एक गोष्ट बदलत होती आणि ती मी दर वेळी स्वतःच्या हाताने सोडून, स्वतःच्या हाताने बांधत होते. पण तेव्हा जिवाची अशी तगमग की एका जागी दोन मिनिटं बसवेना. जेवताना उठायची, नळाला लावलेली घागर भरून वाहायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या आठवड्यात रोज देत होते.

रविवार उजाडला. सर सकाळी येणार होते आणि सकाळी चित्र बरं असायचं, माझी सगळी भिस्त त्यावर. मी पहाटेच न्हाऊन चौरंगासमोर बसले. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येत होतं, पत्र्यावर चिमण्या टकटक करत होत्या. सकाळ गेली. दुपारी पत्रा कडकड वाजू लागला. मी दारात गेले, आत आले, दारात गेले. “बस की गं बाई, भिंगरी झालीस नुसती,” आई म्हणाली आणि तिने माझ्यापुढे धपाटे ठेवले, ते मला गिळेनात. सरांची जीप अहमदपूरजवळ पंक्चर होऊन बसली होती, पण ते आम्हाला कसं कळणार? अण्णा ओट्यावर बसून होते. दिवे लागायची वेळ झाली तसे ते आत आले, त्यांनी पेला पालथा घातला, ताटली ठेवली, गडू ठेवला. आणि गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

माने सर म्हणजे उंचेपुरे, आवाज फळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा. सतरंजीवर बसले, आईने केलेल्या सुशील्याची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, बशी त्यांनी दोनदा घेतली. “वहिनी, आमच्या खानावळीतल्या पोरांला ह्याचा वास लागला तर क्लास ओस पडंल,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “हं, विजू. दाखीव काय करून राहिली ते.”

मी मॉनिटर लावला. चित्र किंचित थरथरत होतं, पण सरांना चष्म्यातून ते बहुधा कळलं नाही. त्यांनी लंबकाचा एक प्रश्न सांगितला, आधी दोन पाय (π), मग एक अपूर्णांक आणि त्या अख्ख्यावर वर्गमूळाचं छप्पर. मी टाइप केलं. पान पडद्यावर आलं आणि वर्गमूळाची रेघ अपूर्णांकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट ताणून बसली. सर पुढे वाकले. “आरं तिच्या!” ते म्हणाले. “हे तर पुस्तकावानी हाय!” त्याच वेळी वरचा बल्ब पिवळा पडला, स्टॅबिलायझर टक् करून घुमू लागला, आणि पान हेलकावे खायला लागलं. रेघ, अंक, सगळं डावी-उजवीकडे झुलत होतं. मी दोन्ही हातांनी मॉनिटर धरला, जणू धरल्याने थांबणार होता.

अण्णा स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होते. दारातच त्यांची नजर पडद्यावर गेली. ट्रे खाली कोसळला.

“बाहेर! बाहेर पळा!”

असा आवाज मी त्यांच्या तोंडून त्या पहाटेनंतर ऐकला नव्हता. त्यांनी माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने सरांची कॉलर, आणि आम्हाला खेचत नेलं. लातूरच्या माणसाला पळ म्हणून दोनदा सांगावं लागत नाही. सर अनवाणी माझ्याही पुढे. आई परातीसकट बाहेर. आमच्याकडे बघून घोरबांड काकू लाटण्यासकट, त्यांच्याकडे बघून पुढचं घर, आणि बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या तरी घरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, पण आत जायला कुणी तयार नाही. “मला बी जाणवलं,” एकजण म्हणाला. “मला तर कवाचीच चक्कर येऊन राहिली,” काकू म्हणाल्या. दोघा-तिघांनी भांडी वाजल्याचंही सांगितलं.

अण्णा माझा दंड सोडत नव्हते. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि जीप समोरच उभी होती.

“अण्णा,” मी म्हणाले, “भूकंप न्हाई झाला. घर न्हाई हललं. आपला पडदा हलतोय. रोज हलतोय.”

तो शब्द मी घरच्यांसमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदा उच्चारला. आईने तोंडावर पदर घेतला.

“रोज?” अण्णा म्हणाले. “अन् तू त्याच्याम्होरं बसायलीस रोज?”

“हाव.”

त्यांनी माझा दंड सोडला आणि ते घराकडे चालू लागले. एरवी गडू मांजराने पाडला तरी ते उजाडेपर्यंत उंबरा ओलांडत नसत. आई धावली, “अहो, थांबा की थोडं,” पण ते आत गेले. मी त्यांच्या मागे, सर माझ्या मागे. मधल्या खोलीत चहाचे ओघळ वाहत होते. पान पडद्यावर अजून झुलत होतं. अण्णा त्याच्याकडे गेले नाहीत. ते दाराच्या मागे उकिडवे बसले आणि गडूकडे बघत राहिले.

“गडू उभा हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला शेजारी बोलावलं. त्यांचा आवाज आता वर्गातला होता. “हे बघ. गडू ह्या फरशीवर, तुझा चौरंग बी ह्याच फरशीवर. फरशी सरकली असती तर दोन्ही सरकले असते. एक उभा, एक डुलायलंय. मंग कारण फरशीत न्हाई, त्याच्याच आसपास हाय. दुकानात हे नीट चालायचं?”

“हाव. पण तिथं विंडोज असायचं. माझ्या लिनक्सनंच—”

“ते ऱ्हाऊ दे. आणखी काय येगळं होतं तिथं? एका येळी एकच बदल धरावा, तुला काय शिकवलं मी?”

मी सांगू लागले. मॉनिटर तोच, पेटी तीच, तारा त्याच. आणि बोलता बोलता माझी नजर त्या नवारीवर गेली. अण्णांचीही गेली. दुकानात नेताना मी लोखंडी डबा सोडून घरी ठेवत होते. दुसऱ्या कुठल्याही घरात तो भिंतीवर टांगलेला असता, मॉनिटरपासून लांब. आमच्याच घरात तो मॉनिटरच्या कुशीत बांधलेला होता. आत त्याचं तारेचं वेटोळं लोहचुंबक होऊन घुमत होतं आणि पडद्याच्या काचेतल्या चित्राला ओढत होतं.

अण्णा गाठी सोडू लागले. त्यांच्याच गाठी, पण त्यांनाही सुटेनात. सरांनी हात पुढे केला तर अण्णांनी नको म्हणून मान हलवली. नवार सुटली. त्यांनी डबा दोन्ही हातांत उचलून वायर पुरेल तेवढा मागे नेला. पान निम्मं शांत झालं. पुन्हा जवळ आणला, पुन्हा झुललं. त्यांनी तीन-चारदा तसं केलं, शाळेतला प्रयोग असल्यासारखं. “विजू, तुझं सॉफ्टवेअर निर्दोष हाय,” ते म्हणाले. “मीच बांधलं होतं.”

पण त्या डब्याची वायर हातभर. दुसरा प्लग घरात एकच, समोरच्या भिंतीवर, फळीशेजारी, डोक्याच्या वर. “गुरुजी,” सर म्हणाले, “उद्या लांब वायर आणा अन् खालीच ठेवा. मी बघितलं ते बघितलं, आज नका तसदी घेऊ.” सरांना आमच्या घराचं ठाऊक होतं, अण्णांनी मला पहिल्यांदा त्यांच्याकडे सोडलं तेव्हाच कधीतरी सांगितलं असणार. अण्णांनी फळीकडे पाहिलं. मग ते पाटावर चढले आणि त्यांनी तो लोखंडी डबा वर नेऊन ठेवला. ठेवल्यावरही त्यांचे हात त्याच्यावरच होते. मामाने दिलेला लांब वायरचा एकच बोर्ड घरात होता, तो मी वरच्या डब्यापासून खाली संगणकापर्यंत लावला आणि सगळं पुन्हा सुरू केलं. पान आलं. वर्गमूळ आपल्या जागी बसलं आणि बसूनच राहिलं. बल्ब पिवळाच होता, डबा वर घुमत होता, आणि एक अक्षर जागचं सरकलं नाही. मी रडले, अगदी लहान पोरीसारखी नाक ओढत.

सर खाली बसून पुष्कळ वेळ पान वाचत होते. “काम तर झकास हाय, गुरुजी,” ते शेवटी म्हणाले. “पण पोरीची मेडिकलची जागा थोडक्यानं गेली, हे बी खरं. अजून एक साल बसली तर हमखास हाय. तुमी म्हणाल तसं. जीप सकाळी निघतीय.”

अण्णा पाटावरून उतरले. त्यांनी खाली पडलेले कप गोळा करायला घेतले आणि कप गोळा करता करताच बोलले.

“न्हाई येत ती,” ते म्हणाले. “सर, डॉक्टर मला त्या दिवशी पायजे होता. तो दिवस गेला.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. सरांनी अण्णांच्या हातातले कप काढून घेतले.

आता माझे केस अण्णांच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे झालेत. पडदे पाटीसारखे सपाट झाले, शेजारी लोहचुंबक ठेवला तरी ढिम्म. लातूरला आता मंगल कार्यालयंच्या कार्यालयं क्लासने गिळली. त्यातल्या कितीतरी पेपरांतले घात आजही मी जागेवर बसवते. अण्णांनी गडू रचणं सोडलं असं मात्र काही झालं नाही. शेवटच्या आजारपणातही संध्याकाळी ते माझ्याकडून रचून घ्यायचे आणि ताटली तिरकी आहे म्हणून रागवायचे.

त्या सोमवारी सर गेल्यावर मी चौरंगापुढे बसून त्यांनी दिलेला पहिला पेपर करायला घेतला. अण्णांची शाळा दुपारी सुटली. जेवून झाल्यावर ते मधल्या खोलीत आले, माझ्या अंथरुणाची वळकटी त्यांनी उचलली आणि पलीकडच्या खोलीत नेऊन टाकली. मग स्वतःची सतरंजी आणून फळीच्या बरोबर खाली अंथरली.

“तिथं काहून?” आई म्हणाली. “लांब वायर आणायची म्हणलेत ना सर?”

“वायर नको,” अण्णा म्हणाले. “वर मी ठेवलंय. खाली मीच झोपतो.”

ते उताणे पडले. डबा वर घुमत होता. मी टाइप करत होते आणि मधून मधून त्यांच्याकडे बघत होते. बराच वेळ त्यांचे डोळे उघडे होते, वर लागलेले. मग त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळाने ते घोरू लागले.